जुन्या विंडोज-अँड्रॉइडचा सपोर्ट कधी थांबवावा?

दुकानांना बिलिंग सॉफ्टवेअर विकणारे, शाळांची ॲप्स सांभाळणारे, पतसंस्थांना पॅकेज पुरवणारे वाचक एकच पेच निरनिराळ्या शब्दांत मांडतात. ‘आमची काही गिऱ्हाइके अजून विंडोज ७ वर आहेत, त्यांचे काय करू?’ ‘अँड्रॉइड ६ सोडले तर लोक ओरडतील का?’ ‘किती टक्के उरले की बंद करायचे?’ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि हा पेच आणखी बऱ्याच जणांपुढे उभा राहिला.

टक्का सगळेच विचारतात, पण तो सर्वांत शेवटी पाहायचा आकडा आहे. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. ती व्हर्जन तिच्या निर्मात्याने सोडली आहे का? मागे उरलेले ग्राहक नेमके कोण आहेत? आणि तुम्ही थांबल्यावर त्यांच्या हातात काय उरणार आहे? तिसरा प्रश्न राहून जातो आणि भांडणे तिथूनच सुरू होतात.

आधी ‘बंद’ म्हणजे काय ते ठरवा

चालू आणि बंद यांच्या मध्ये आणखी दोन पायऱ्या आहेत. तुम्ही कोणत्या पायरीवर जाणार, हे आधी ठरवा आणि ग्राहकाला त्याच शब्दांत सांगा.

- पूर्ण सपोर्ट: प्रत्येक नवी व्हर्जन तुम्ही त्या सिस्टीमवर तपासून देता. बिघडली तर दुरुस्ती तुमची जबाबदारी.
- चालले तर चालले: सॉफ्टवेअर इन्स्टॉल होते, पण तपासणी नाही आणि हमीही नाही.
- गोठवलेली व्हर्जन: नव्या सोयी थांबतात. शेवटची व्हर्जन चालू राहते आणि तिला ठरावीक काळ फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात.
- पूर्ण बंद: ॲप उघडत नाही किंवा सर्व्हर जोडणी नाकारतो.

मोझिलाने विंडोज ७ आणि ८ वरच्या लोकांसाठी तिसरी वाट धरली. जुलै २०२३ मध्ये आलेली फायरफॉक्स ११५ त्यांच्यासाठी शेवटची ठरली, पण तिच्या दीर्घ मुदतीच्या शाखेला सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहिल्या आणि ती मुदत पुढे अनेकदा वाढवण्यात आली. व्हॉट्सॲप चौथ्या वाटेने जाते. ठरलेल्या तारखेनंतर जुन्या फोनवर ते चालत नाही, मात्र त्याआधी ॲपमध्येच सूचना आणि आठवण दिली जाते.

‘चालले तर चालले’ ही पायरी स्वस्त वाटते, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ती वापरू नका. न तपासलेल्या सिस्टीमवर एखादे बटण जागचे हलले तर निभते. जीएसटीची बेरीज हललेली निभत नाही.

पायरी १ : निर्मात्याच्या तारखा कागदावर मांडा

नेहमी लागणाऱ्या काही तारखा अशा:

- विंडोज ७: १४ जानेवारी २०२०. पैसे भरून मिळणारी वाढीव सुरक्षा मुदत जानेवारी २०२३ मध्ये संपली.
- विंडोज ८.१: १० जानेवारी २०२३.
- विंडोज १०: १४ ऑक्टोबर २०२५. वाढीव सुरक्षा मुदत घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत, संस्थांना पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत.
- इंटरनेट एक्सप्लोरर ११: १५ जून २०२२.
- पायथन २.७: १ जानेवारी २०२०. पायथन ३ च्या प्रत्येक व्हर्जनला साधारण ५ वर्षे मिळतात. ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली.

अँड्रॉइडला अशी एक तारीख नसते, कारण सुरक्षा दुरुस्त्या फोनपर्यंत पोहोचवणे हँडसेट कंपनीच्या हाती असते. तिथे गूगल प्ले सर्व्हिसेस कोणत्या व्हर्जनपर्यंत अपडेट होते ते पाहा. २०२३ मध्ये गूगलने अँड्रॉइड ४.४, म्हणजे किटकॅट, या अपडेटमधून वगळले. तेव्हा त्यावर चालणारे फोन एक टक्क्याहून कमी उरले होते.

निर्मात्याची तारीख उलटली म्हणजे तुम्हाला सपोर्ट थांबवण्याची मोकळीक मिळाली, एवढाच तिचा अर्थ. विंडोज १० चेच पाहा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारी कित्येक यंत्रे वर नेताच येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने स्वतः ऑफिसच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲप्सना विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले आहे. अशा वेळी तुम्ही आजच विंडोज १० सोडण्याची घाई करू नका. विंडोज ७ बद्दल मात्र वाट पाहण्यासारखे काही उरलेले नाही.

पायरी २ : तुमची साधने कधी साथ सोडणार ते पाहा

अनेकदा निर्णय तुमच्या हातात नसतोच. ज्या भाषेवर, फ्रेमवर्कवर किंवा ब्राउझर इंजिनवर तुमचे सॉफ्टवेअर उभे आहे, त्याने जुनी सिस्टीम सोडली की तुमचे दिवस मोजायला लागतात.

- क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची व्हर्जन. फेब्रुवारी २०२३ मधल्या ११० पासून विंडोज १० लागते. पाठोपाठ इलेक्ट्रॉन या फ्रेमवर्कच्या २३ व्या व्हर्जननेही विंडोज ७, ८ आणि ८.१ सोडले.
- गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ सोडले. आत बसवलेले क्रोम जुन्या विंडोजवर चालत नाही, हे कारण त्यांनी उघड सांगितले.
- गो भाषेची १.२० ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची व्हर्जन. पायथनमध्ये तो मान ३.८ चा, आणि तिचीही मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली.

तुमच्या साधनांची यादी करा आणि प्रत्येकापुढे ‘किमान कोणती सिस्टीम लागते’ ते लिहा. जुनी सिस्टीम सांभाळण्यासाठी जुनेच साधन वापरत राहिलात, तर त्यातली सुरक्षेची भोके तुमच्या नव्या सिस्टीमवरच्या ग्राहकांच्याही वाट्याला येतात. असे होत असेल तर थांबण्याचे कारण तुम्हाला मिळाले.

पायरी ३ : यंत्रे मोजू नका, वापर मोजा

या पायरीला वेळ द्या. चुका सर्वाधिक इथेच होतात. मोफत सुरक्षा प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’पुढे २०२० मध्ये असाच प्रश्न होता. ते विसंबून असलेल्या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत सप्टेंबर २०२१ मध्ये संपणार होती आणि ७.१.१ पूर्वीचे अँड्रॉइड नवे प्रमाणपत्र ओळखत नव्हते. उपलब्ध आकडेवारीनुसार असे फोन ३३.८ टक्के होते. पण मोठ्या संकेतस्थळांकडे चौकशी केली तेव्हा त्या फोनांवरून येणारी वर्दळ अवघी १ ते ५ टक्के निघाली. जगातल्या फोनांची टक्केवारी आणि तुमच्या दारात येणाऱ्या माणसांची टक्केवारी यांत एवढे अंतर पडू शकते. लेट्स एन्क्रिप्टने त्या थोड्या टक्क्यांनाही वाऱ्यावर सोडले नाही. तांत्रिक तोड काढून त्यांना आणखी तीन वर्षे मिळवून दिली.

मोजताना एवढे करा:

- ॲप किंवा सॉफ्टवेअर सुरू होताना सिस्टीमची व्हर्जन नोंदवा. गोपनीयता धोरणात तसे लिहा. नाव-नंबर जोडण्याची गरज नसते.
- अँड्रॉइडसाठी प्ले कन्सोलमध्ये व्हर्जननुसार वापरकर्ते दिसतात. एकूण इन्स्टॉलपेक्षा गेल्या ९० दिवसांत सक्रिय असलेले पाहा.
- लायब्ररी बनवत असाल तर डाउनलोडच्या आकड्यांवर विसंबू नका. त्यातला मोठा वाटा आपोआप चालणाऱ्या चाचणी यंत्रांचा असतो.
- जुन्या सिस्टीमवर तुमचे ॲप आधीच रडतखडत चालत असेल, तर तिथले लोक केव्हाच निघून गेलेले असतात. ‘कोणीच नाही’ हा आकडा अशा वेळी फसवा ठरतो.
- ग्राहक शेकड्यांत असतील तर सरळ फोन करा. तक्त्यात न दिसणारी कारणे फोनवर कळतात.

पायरी ४ : खर्च मांडा, मग नावे वाचा

एक काल्पनिक हिशेब करू. तुमचे ४०० ग्राहक आहेत आणि त्यांपैकी २४ जण, म्हणजे ६ टक्के, विंडोज ७ वर आहेत. प्रत्येकाची वार्षिक देखभाल ६,००० रुपये धरली तर त्यांच्याकडून १,४४,००० रुपये येतात. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी, वेगळा इन्स्टॉलर आणि फोनवरचे निस्तरणे यांत महिन्याला २० तास जातात. तासाला ५०० रुपये धरले तर वर्षाला १,२०,००० रुपये खर्च होतो. वरवर पाहता २४,००० रुपये सुटतात. पण त्या २४ जणांमुळे नवी व्हर्जन सहा महिने लांबली असेल, तर उरलेल्या ३७६ जणांनी त्याची किंमत मोजलेली असते. ती वहीत दिसत नाही.

आता २४ जणांना फोन लावा. समजा, १५ जण दिवाळीत नवे यंत्र घेणारच आहेत. ६ जणांनी जुनी बिले पाहण्यापुरता तो संगणक ठेवला आहे. राहिले ३. त्यांच्या वजनकाट्याचा किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून ते अडकले आहेत. तुमचा खरा प्रश्न ६ टक्क्यांचा राहिला नाही, तीन दुकानांचा झाला. तीन दुकानांसाठी स्वतंत्र तोडगा काढता येतो.

मग टक्का किती धरावा?

मोठे प्रकल्प दोन प्रकारे ठरवतात. काही टक्का पाहतात. वर्डप्रेस पीएचपीच्या जुन्या व्हर्जन सोडताना वापर ५ टक्क्यांच्या खाली जाण्याची वाट पाहते. इंटरनेट एक्सप्लोरर ११ तिने जुलै २०२१ मधल्या ५.८ या व्हर्जनमध्ये सोडला, तेव्हा त्याचा वापर एक टक्क्याच्या आसपास आला होता. काही मुदत पाहतात. पायथनच्या वैज्ञानिक लायब्रऱ्यांच्या जगात पायथनची व्हर्जन बाहेर पडल्यापासून ३ वर्षांनी तिचा सपोर्ट सोडावा, असा सामायिक संकेत आहे. त्यामुळे दरवेळी वाद घालावा लागत नाही.

तुमच्यासाठी कोणता मार्ग योग्य?

- मोफत, हजारो वापरकर्त्यांचे ॲप: सक्रिय वापर एक-दोन टक्क्यांखाली आणि निर्मात्याची मुदत संपलेली, या दोन्ही अटी एकदम पूर्ण झाल्यावर.
- पैसे देणारे, मोजके ग्राहक: टक्का विसरा, नावांची यादी करा. एकाच मोठ्या ग्राहकाचे सगळे संगणक जुने असू शकतात.
- इतर प्रोग्रामर वापरतात अशी लायब्ररी: मुदतीचा नियम जाहीर करा आणि पाळा.
- आरोग्य, शिष्यवृत्ती, पीकविमा अशा कामांची ॲप्स: टक्का कितीही कमी असो, ॲपशिवाय काम होण्याचा दुसरा रस्ता उघडा ठेवल्याखेरीज बंद करू नका. जुना फोन बहुधा त्याच माणसाकडे असतो, ज्याला ती सेवा सर्वांत जास्त लागते.

एका बाबतीत हे सगळे नियम बाजूला ठेवावे लागतात. जुन्या सिस्टीममुळे पैशांचे व्यवहार किंवा ग्राहकांची माहिती उघडी पडत असेल आणि तुमच्याकडून ते भोक बुजवता येत नसेल, तर टक्का न पाहता थांबा. २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या सुरक्षा पद्धती बंद केल्या, त्या याच कारणाने.

पायरी ५ : तारीख निवडा आणि वेळेवर कळवा

तारीख तुमच्या सोयीने ठरवू नका. ग्राहकाचे कॅलेंडर समोर घ्या.

- हिशेबाच्या सॉफ्टवेअरला मार्च आणि एप्रिल वर्ज्य. महिन्यातल्या ११ आणि २० या जीएसटी विवरणपत्रांच्या तारखांचा आसपासही टाळा.
- शाळा-कॉलेजसाठी निकाल आणि प्रवेशाचे महिने टाळा. दुकानांसाठी दिवाळीआधीचा महिना, कृषी सेवा केंद्रांसाठी खरिपाच्या तोंडाचे दिवस.
- नवे यंत्र घ्यावे लागणार असेल तर किमान सहा महिने आधी कळवा. फक्त अपडेट पुरत असेल तर तीन महिने बरे.
- पहिली सूचना, मुदतीच्या एक महिना आधी आठवण आणि शेवटच्या आठवड्यात एक फोन, एवढे तरी करा.

सूचनेचा नमुना असा ठेवता येईल:

*‘नमस्कार. आपल्या संगणकावर विंडोज ७ आहे. ३१ ऑगस्टनंतर आमच्या सॉफ्टवेअरची नवी व्हर्जन विंडोज ७ वर चालणार नाही. आपल्याकडे आज असलेली व्हर्जन पुढेही उघडेल, जुनी बिले पाहता आणि छापता येतील. मात्र नवे कर-बदल तिच्यात येणार नाहीत. नवा संगणक घेतल्यास डेटा हलवून देण्याचे आम्ही वेगळे पैसे घेणार नाही. अडचण असल्यास १५ जुलैपूर्वी फोन करावा.’*

यात तारीख आहे, काय चालू राहील ते आहे, काय बंद होईल ते आहे आणि मदत काय मिळेल तेही आहे. ‘आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी’ असल्या वाक्यांनी सुरुवात करू नका. ग्राहक ती ओळखून आहेत.

पायरी ६ : शेवटची व्हर्जन नीट मागे ठेवा

- जुन्या सिस्टीमवर चालणारी शेवटची व्हर्जन शक्य तेवढी निर्दोष करा. अर्धवट सोय घालून तिला गोठवू नका.
- तिचा इन्स्टॉलर डाउनलोडला ठेवा. लायसन्सची पडताळणी करणारा सर्व्हरही चालू राहायला हवा. हार्ड डिस्क बदलल्यावर सॉफ्टवेअर पुन्हा बसवताच येत नाही, अशी तक्रार इथूनच येते.
- चुकीची व्हर्जन बसण्याआधीच अडवा. पायथनमध्ये पॅकेजच्या माहितीत किमान व्हर्जन लिहिली की पिप हा इन्स्टॉलर जुन्या पायथनला आपोआप जुने पॅकेज देतो. २०१७ मध्ये आयपायथन ६ ने पायथन २ सोडले, तेव्हा जुन्या लोकांना याच सोयीने ५ ची मालिका मिळत राहिली. वर्डप्रेसच्या प्लगइनमध्येही किमान पीएचपी व्हर्जन लिहिण्याची जागा असते.
- सर्व्हरचे एपीआय बदलताना गोठवलेल्या व्हर्जनवरही चाचणी करा. नाहीतर तुम्ही जाहीर केलेली ‘चालू राहील’ ही हमी पुढच्याच महिन्यात खोटी ठरेल.
- डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीत बाहेर काढण्याची सोय शेवटच्या व्हर्जनमध्ये हवीच.

हमखास होणाऱ्या चुका

- मिन-एसडीके आणि टार्गेट-एसडीके यांची गल्लत. ॲप किती जुन्या अँड्रॉइडवर चालेल ते मिन-एसडीके ठरवते. प्ले स्टोअर दरवर्षी वाढवायला लावते ते टार्गेट-एसडीके. ते वाढवण्यासाठी जुने फोन सोडावेच लागतात, असे नाही.
- किरकोळ अपडेटमध्ये गुपचूप बंद करणे. दुरुस्ती म्हणून आलेल्या अपडेटने सॉफ्टवेअरच उघडेनासे झाले, तर ग्राहक पुढची सुरक्षा दुरुस्तीही बसवणार नाही.
- तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलणे. मुदतवाढ एकदाच द्या आणि तिचे कारण सांगा. नाहीतर तुमच्या सूचनेला कोणी विचारत नाही.
- बंद केल्यावरही जुना कोड ठेवणे. सपोर्ट थांबवून वाचणारे श्रम त्या कोडमध्ये अडकलेले असतात. तो काढला नाही तर हाती काहीच लागले नाही.
- आपल्या माणसांना न सांगणे. फोन उचलणाऱ्यांना तारीख ठाऊक नसेल तर ते ‘करून देतो’ म्हणतात, आणि तो शब्द तुमच्यावर येतो.

ग्राहकांचे हक्क आणि तुमची जबाबदारी

- देखभाल करार आधी वाचा. वार्षिक करारात ‘विंडोज ७’ असे नाव घालून सेवा कबूल केली असेल, तर करार संपेपर्यंत ती द्यावी लागेल किंवा उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करण्याची बोलणी करावी लागतील. नव्या करारात ‘निर्मात्याचा सपोर्ट असलेल्या व्हर्जनसाठी’ असे शब्द घाला.
- ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहकाला दाद मागता येते. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा सहसा या कायद्याबाहेर राहते. पण स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करणाऱ्याला तो कायदा ग्राहक मानतो. छोटा दुकानदार त्यात बसू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.
- डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. लोकांची माहिती बाळगणाऱ्याने ती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय करावेत, असे हा कायदा सांगतो आणि त्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मुदत संपलेल्या सिस्टीमवर ग्राहकांचे आधार क्रमांक साठवत राहणे हा वाजवी उपाय आहे, असे पटवणे अवघड जाईल.

तुम्ही स्वतः ग्राहक असाल, तर सॉफ्टवेअर विकत घेतानाच तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या व्हर्जन चालतात, बंद करण्याआधी किती दिवस कळवाल आणि माझा डेटा मला कोणत्या स्वरूपात मिळेल.

आजच करण्यासारखे

एक धोरण लिहा. दोन वाक्ये पुरतात: ‘निर्मात्याचा सपोर्ट संपल्यानंतर एक वर्षापर्यंत आम्ही ती सिस्टीम सांभाळू. बंद करण्याच्या सहा महिने आधी कळवू आणि शेवटची व्हर्जन डाउनलोडला ठेवू.’ मुदत तुमच्या धंद्याप्रमाणे कमी-जास्त करा, पण ती कोटेशनवर आणि बिलावर छापा. नियम आधी माहीत असला की ग्राहक त्याप्रमाणे नव्या संगणकाची तजवीज करतो. ऐनवेळी कळला की तो दुसरा सॉफ्टवेअरवाला शोधतो.